रिकाम्या हातातला कप : इम्प्रोव्हमधल्या ऑब्जेक्ट वर्कची पार्श्वभूमी

इम्प्रोव्हच्या, म्हणजे संहितेशिवाय ऐन वेळी रचल्या जाणाऱ्या नाटकाच्या, प्रवेशात नट रिकाम्या हातांनी कप उचलतो, दार लोटतो, भांडी घासतो. याला ऑब्जेक्ट वर्क किंवा स्पेस वर्क म्हणतात. बघणाऱ्याला ते मूकाभिनयाचं धाकटं भावंड वाटतं, पण त्याचं घराणं वेगळं आहे. मूकाभिनयाशी सोयरीक नंतर जुळली, आणि कार्यशाळांमधले बरेचसे गोंधळ या सरमिसळीतूनच येतात.

आधी मूकाभिनयाकडचं. एत्येन दक्रू १९२३ साली पॅरिसमध्ये जाक कोपो यांच्या नाट्यशाळेत दाखल झाले. तिथे चेहरा झाकून नुसत्या अंगाने अभिनय करण्याचे पाठ असत. त्या धाग्यावर दक्रूंनी पुढे शरीराचं अख्खं व्याकरण बांधलं. त्यातल्या दोन गोष्टी इम्प्रोव्हवाल्यांच्या रोजच्या कामाच्या आहेत. एक, स्थिर बिंदू : भिंतीला टेकवलेला तळवा अंग मागेपुढे झालं तरी जागचा हलत नाही. तो दोन बोटं सरकला की भिंतच सरकली. दुसरी, प्रतिभार : उजव्या हातात भरलेली बादली असेल, तर तिचं वजन डावीकडे कललेल्या धडात आणि बाहेर गेलेल्या डाव्या हातात दिसतं. नवखा नट दंड आवळतो आणि तोंड वेडंवाकडं करतो. त्यात कष्ट दिसतात, बादली दिसत नाही.

रशियात नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की काल्पनिक वस्तूंचा सराव निराळ्या कारणासाठी करून घेत. हातात नसलेल्या नोटा मोजायच्या, पण पुडक्याची दोरी सोडण्यापासून, एकही पायरी न गाळता. लहानलहान कृती खऱ्या वाटू लागल्या की नटाचा प्रसंगावरही विश्वास बसतो, हा त्यामागचा हिशेब.

इम्प्रोव्हचा थेट उगम मात्र शिकागोतला, तोही मुलांच्या खेळांमधला. हल हाउस या वस्तीकेंद्रात नीव्हा बॉइड खेळांमधून समूहकार्य शिकवत. व्हायोला स्पोलिन १९२४ ते १९२७ त्यांच्या हाताखाली शिकल्या. महामंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेत स्पोलिन यांच्याकडे नाट्यविभाग आला, तेव्हा समोरची मुलं आणि मोठी माणसं स्थलांतरित कुटुंबांतली होती आणि भाषा वेगवेगळ्या होत्या. अभिनयाची तत्त्वं समजावत बसण्यात अर्थ नव्हता. खेळ मात्र कुणालाही कळतो.

त्यांच्या अदृश्य चेंडूच्या खेळात चेंडू केवढा हे आधी ठरतं, मग फेकाफेकी सुरू होते. बाहेरून सूचना येतात : चेंडू शंभरपट हलका झाला, आता शंभरपट जड झाला! सगळ्यांचं लक्ष चेंडूवर असलं की गुडघे, खांदे, पाठ आपोआप जुळवून घेतात, कुणाला काही ‘करून दाखवावं’ लागत नाही. रस्सीखेच त्याहून कडक. लक्ष उडालं की दोघेही एकाच वेळी मागे जातात आणि दोराचं रबर होतं. एकाला वीतभर दोर मिळाला तर दुसऱ्याचा तेवढाच गेला पाहिजे, आणि त्यासाठी समोरच्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नाही. जागेच्या खेळात खेळाडू खोलीचा नकाशा काढतात आणि प्रवेशात त्यातल्या प्रत्येक वस्तूला हात लावतात. वस्तू डोक्यात नको, अवकाशात हवी, हा स्पोलिनबाईंचा आग्रह. १९६३ साली त्यांचे हे खेळ पुस्तकरूपात आले.

त्याआधी १९५५ मध्ये त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स आणि डेव्हिड शेफर्ड यांनी कंपास ही इम्प्रोव्ह करणारी नाटकमंडळी उभी केली. १६ डिसेंबर १९५९ रोजी शिकागोत सेकंड सिटी ही नाटकमंडळी सुरू झाली. पुढचा प्रवेश स्वयंपाकघरात घडेल की पाणबुडीत हेच ठाऊक नसेल, तर प्रॉप, म्हणजे रंगमंचावरच्या खऱ्या वस्तू, कुठले मांडणार? चार खुर्च्या पुरल्या, बाकी सगळं हवेतून आलं. पण तिकीट काढून आलेला प्रेक्षक शब्दांवर चटकन हसतो. त्यामुळे हात थंडावतात आणि प्रवेश दोन खुर्च्यांवरच्या गप्पांवर येतो. हे दुखणं आजही तितकंच ताजं आहे.

इम्प्रोव्हचे शिक्षक कीथ जॉनस्टन यांनी लंडनमध्ये आणि पुढे कॅल्गरीत कृतीचा वेगळा उपयोग दाखवला. नटाने एखादं ठरावीक काम सुरू करायचं, मग ते मोडायचं. कपडे वाळत घालणं ही नुसती क्रिया झाली. तिसऱ्या कपड्यावर रक्ताचा डाग दिसला की गोष्ट सुरू.

आता तो कप. कपाकडे जाताना बोटं गरजेपेक्षा जरा जास्त उघडतात आणि मग कपाच्या रुंदीवर थांबतात. खरा कप बोटांना अडवतो, इथे अडवायला कुणी नाही. म्हणून बोलता बोलता मूठ मिटत जाते आणि दुसऱ्या घोटापर्यंत कपाची पेन्सिल झालेली असते. ठेवताना आधी टेकवणं, मग बोटं सोडवणं, मग हात मागे घेणं. मधली पायरी गाळली तर कप हाताला चिकटून परत येतो. मूकाभिनयात स्पर्शाच्या क्षणी बारीकसा झटका देतात, त्याने वस्तू ठळक होते. एकट्या कलाकाराला तो शोभतो. संवादी प्रवेशात प्रत्येक बशीला झटका दिला, तर प्रेक्षक हाताची करामत बघत बसतात आणि सहकलाकार ताटकळतो. तिथे स्पोलिनबाईंचा उपाय साधा आणि जास्त उपयोगी : कपाकडे बघा.

फोनची खूण मात्र दोन्ही घराण्यांच्या बाहेरची. अंगठा कानाशी आणि करंगळी तोंडाशी नेली की हातच फोन झाला, हातात काही उरलं नाही. जुना रिसीव्हर असेल तर मूठ कानापासून थोडी दूर राहते, कारण मध्ये रिसीव्हरची जाडी आहे. मोबाइल असेल तर अंगठा एका कडेला, बाकीची बोटं दुसऱ्या कडेला आणि मध्ये सात-आठ सेंटिमीटर हवा.