दोन हप्ते थकले म्हणजे गाडी त्यांचीच?

बीड, परभणी, लातूरकडं सोयाबीनचे पैसे लांबले की हे हमखास कानावर येतं: ‘दोन हप्ते थकले की फायनान्सवाले रस्त्यातच गाडी ओढून नेऊ शकतात.’ अर्धंच खरं.

करारात कलम असेल तर गाडी ताब्यात घेता येते. ‘कोर्टाशिवाय हातच लावता येत नाही’ हीसुद्धा अफवाच. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नोटिशीची मुदत, ताबा घ्यायची पद्धत आणि विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी करारात लिहिलेली लागते. दमदाटी चालत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्यातच. गुंड पाठवून गाडी उचलण्यावर सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच ताशेरे ओढलेत.

बहुतेकांची तक्रार इथं फसते: थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं जातात आणि ती परत येते. आधी कंपनीला लेखी द्या, पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर मग लोकपालाकडं. फी नाही, माहितीला १४४४८. कर्ज पतसंस्थेचं असेल तर हा रस्ता बंद, तिथं सहकार खात्याचं निबंधक कार्यालय गाठायचं.