शेवटचे साठ फूट

हिंगणघाटकडच्या एका गावात माझ्या मामाजींचं घर आहे. घरात आजीला रात्री ऑक्सिजन देणारं यंत्र लावावं लागतं, आणि पावसाळ्यात वादळ झालं की लाइन कधी परत येईल याचा नेम नसतो. म्हणून मागच्या जूनमध्ये मामाजींनी छोटा सायलेंट डिझेल जनरेटर घेतला. वजन सुमारे ८०० किलो. पिकअप डांबरी रस्त्यापर्यंत आली, आणि जनरेटर बसवायचा चौथरा तिथून साठ फूट आत, घरामागे होता. मधली जमीन सगळी काळी, नुकताच मृग बरसून गेलेला.

चौथरा जवळ का नाही केला, असं शेजाऱ्यांनी विचारलं. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. त्यामुळे जनरेटर खोलीत, पडवीत किंवा खिडकीखाली ठेवायचाच नाही, हे आधी ठरलं होतं. समोरच्या बाजूला सगळ्या खिडक्याच. मागची मोकळी जागा हाच पर्याय होता, आणि तिथवर जायची वाट चिखलाची.

तालुक्याहून हायड्रा क्रेन बोलवायची चर्चा झाली. रस्ता पक्का असता तर मीही तेच सुचवलं असतं. पण हायड्राचं स्वतःचं वजन दहा टनांच्या आसपास, ती त्या चिखलात रुतली असती. रस्त्यावर उभी राहून बूम, म्हणजे तिचा लांब लोखंडी हात, लांबवावा, तर बूम जितका पुढे जातो तितकी क्रेनची उचलण्याची ताकद कमी होत जाते. साठ फुटांवर तिचा काहीच उपयोग नव्हता.

काम अंगावर घेतलं ते गावातल्या जुन्या सुतारानं. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो.

हे वजन हलवायला खरं किती काम लागतं, ते आधी पाहू. चौथरा जमिनीपासून सहा इंच उंच, म्हणजे १५ सेंटिमीटर. ८०० किलो तेवढं वर चढवायला साधारण १,२०० ज्यूल ऊर्जा लागते. साठ किलोचा माणूस दोन मीटर उंचीचा जिना चढतो तेव्हा तेवढंच काम करतो. म्हणजे ऊर्जा अगदी किरकोळ! अडचण आहे ती एवढीच की सरळ उचलायला गेलं तर हे सगळं देणं एकदम, एका झटक्यात मागितलं जातं. सब्बल, उतार, कप्पी ही साधनं देणं कमी करत नाहीत, फक्त त्याचे हप्ते पाडून देतात. बळ चौदा पट कमी लावा, पण अंतर चौदा पट जास्त कापा.

चौदा हा आकडा काकाजींच्या सब्बलीचा आहे. पाच फुटी सब्बल, टोकापासून चार इंचांवर खाली लाकडी गुटका. पुढचा भाग १० सेंटिमीटर, मागचा १४०. जनरेटरची एकच बाजू उचलायची असल्यानं सब्बलीवर निम्मं वजन येतं, म्हणजे ४०० किलो. त्याला चौदानं भागलं की हातावर येतात जेमतेम २९ किलो. ते एका माणसाला जमतं. पण बाजू दोन सेंटिमीटर वर यायला हात २८ सेंटिमीटर खाली दाबावा लागतो.

सर्वात अवघड भाग होता तो गाडीतून खाली उतरवण्याचा. लोकांना वाटतं चढवणं कठीण आणि उतरवणं सोपं. मला हे मत धोक्याचं वाटतं. चढवताना हात थकले तर वजन जागेवर राहतं किंवा मागे येतं, आणि आपण सावध असतो. उतरवताना गुरुत्वाकर्षण स्वतःच कामाला लागलेलं असतं, आणि त्याला फक्त एक चूक पुरते.

गाडीचा हौदा जमिनीपासून तीन फूट. काकाजींनी दहा फुटी जाड फळ्या लावल्या. हा उतार साधारण १७ अंशांचा होतो. कोरड्या लाकडावर लोखंडाचं घर्षण अशा उतारावर वजन धरेल की सोडेल, हे काठावरचं असतं. जनरेटर क्षणभर थांबलेला दिसतो, आपण सैल होतो, आणि मग तो सुटतो. एकदा हलला की घर्षण आणखी घटतं, कारण सरकत्या वस्तूचं घर्षण थांबलेल्या वस्तूपेक्षा कमी असतं. फळी ओली असेल तर विचारायलाच नको. म्हणून घर्षण मुळीच नाही असं धरून हिशेब करायचा: दहा फुटांत तीन फूट उतार, म्हणून ८०० किलोचा तीन-दशांश, म्हणजे २४० किलोचा ओढा.

मामाजींनी सहा पोरं बोलावली होती दोर धरायला. काकाजींनी त्यांना बाजूला बसवलं. रस्त्याकाठच्या मोठ्या कडुनिंबाच्या बुंध्याला त्यांनी दोराचे दोन पूर्ण वेढे दिले आणि मोकळं टोक स्वतःच्या हातात घेतलं. म्हणाले, "याले ओढाचं नाही, बाबू. याले सोडाचं हाय. हळूहळू."

वेढ्यांचं गणित १८व्या शतकात लिओनार्ड ऑयलरनं मांडलं. दोर बुंध्याभोवती जितका फिरतो, तितकं घर्षण बेरजेनं नाही तर गुणाकारानं वाढतं. दोर आणि साल यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर एका वेढ्यात पलीकडचा ओढा जवळजवळ साडेसहा पट कमी होतो. दुसऱ्या वेढ्यात पुन्हा साडेसहा पट, म्हणजे एकूण ४३ पट. २४० किलोचा ओढा काकाजींच्या हातात सहा किलोपेक्षा कमी होऊन पोचत होता. तिसरा वेढा दिला असता तर एक किलोही उरला नसता, पण मग दोर सुटायलाच तयार झाला नसता. किती वेढे द्यायचे हे ठरवणं हीच त्यातली कला. उधळणाऱ्या बैलाचा कासरा खुंट्याला झटकन वेढणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हे हातानं ठाऊक असतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. ओढा हातात कमी येतो, पण झाड आणि जनरेटर यांच्यामधल्या दोरावर तो पूर्ण असतो, म्हणून जुना, कुजका दोर चालत नाही. आणि ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो, त्यामुळे त्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. वजनाच्या खालच्या बाजूला तर नाहीच नाही.

डिझेलची टाकी आम्ही रिकामीच ठेवली होती. साठ लिटर डिझेल म्हणजे पन्नास किलो, आणि हे पन्नास किलो कलेल त्या बाजूला धावून जाणारे. जनरेटर तसाही उंच आणि अरुंद, त्यात इंजिनाकडची बाजू जड, त्यामुळे गुरुत्वमध्य बरोबर मधोमध नसतो.

मग चिखल. विदर्भाची काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून जी चिकणमाती बनली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना पोथीच्या पानांसारखी थरांची. पाणी या थरांच्या मध्ये शिरतं, थर फुगतात आणि एकमेकांवरून घसरू लागतात. उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती मानवते, पण वजनाला नाही.

नुसते पाइप टाकून जनरेटर लोटला असता तर पाइपच मातीत गेले असते. काकाजींनी खाली नऊ इंच रुंदीच्या दोन फळ्यांचे रूळ अंथरले आणि पाइप त्यांवर ठेवले. वजनाखाली फळ्यांचा सुमारे पाच फुटांचा भाग असतो. हिशेब केला तर मातीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम सव्वाशे ग्रॅमच्या आत येतो. चालताना आपल्या एका तळव्याखाली याच्या तिपटीएवढा दाब असतो. आमचे पाय रुतत होते आणि ८०० किलोचा जनरेटर वरून चालला होता.

घसरत न्यायला चारेकशे किलोचं बळ लागलं असतं. चांगली बैलजोडीही सतत ओढते ती साधारण ८० किलोच्या बळानं. पाइपांवर मात्र तिघांनी रेटलं तरी तो सरकत होता. पाइप एक फूट पुढे गेला की वरचं वजन दोन फूट जातं, म्हणून पाइप सारखे मागून निसटतात, आणि एका पोराला फक्त मागचा पाइप उचलून पुढे ठेवण्याचं काम होतं. वळायचं असलं की पुढचा पाइप थोडा तिरपा.

चौथऱ्यासाठी मामाजींनी आधीच काळी माती तीन फूट खोदून काढून मुरूम भरला होता, वर काँक्रीट. फुगणाऱ्या मातीवर थेट ओतलेलं काँक्रीट दोन पावसाळ्यांत कलतं. ओतून महिना झाला होता हेही बरं. आठवड्याच्या काँक्रीटला दोन-तृतीयांशच ताकद आलेली असते.

शेवटचे सहा इंच सब्बलीनंच चढवले. एक बाजू बोटभर उचलायची, लगेच खाली गुटका सरकवायचा, मग दुसरी बाजू. गुटका हातानं नाही, काठीनं ढकलायचा, हा काकाजींचा दंडक. तेवढ्याला दीड तास गेला.

जनरेटर रबरी पॅडवर टेकल्यावर गवंड्याची पाण्यानं भरलेली नळी लावून पाहिली. इंजिनाकडचा एक कोपरा चार मिलिमीटर खाली होता. काकाजींनी पुन्हा सब्बल मागितली, पत्र्याची पट्टी घातली, नळीतलं पाणी दोन्हीकडे एका रेषेत आलं. मग बोल्ट आवळले. चेंजओव्हर (घराची वीज लाइनवरून जनरेटरवर वळवणारा स्विच) आणि केबल जोडायला वायरमन दुसऱ्या दिवशी येणार होता.