तरतूद आणि गंगाजळी: वर्षाच्या अंदाजपत्रकात हे दोन कप्पे वेगळेच हवेत

पुढच्या वर्षाचं घरखर्चाचं अंदाजपत्रक मांडताना बहुतेक घरांत शेवटी एक ओळ येते, ‘बचत’. मिळकतीतून महिन्याचा खर्च वजा केला की जे उरेल ते तिथे लिहायचं. मग वर्षभर त्या एकाच ओळीतून विम्याचा हप्ता जातो, गाडीचे टायर येतात, मुलांची फी भरली जाते, आणि घरात कुणी आजारी पडलं तर तेही त्यातूनच निभावतं. वर्ष संपताना तिथे काही उरलेलं नसतं आणि सगळ्यांना वाटतं, आपल्याला काटकसर जमतच नाही. खरं तर रोजच्या खर्चात त्यांनी मनापासून हात आखडता घेतलेला असतो. गोंधळ झालेला असतो तो मांडणीत, कारण दोन निरनिराळ्या कामांचे पैसे एकत्र पडलेले असतात.

पहिलं काम तरतुदीचं. जे खर्च नक्की होणार आहेत पण दर महिन्याला होत नाहीत, त्यांच्यासाठी थोडे थोडे बाजूला काढलेले पैसे म्हणजे तरतूद. हल्ली यालाच सिंकिंग फंड म्हणतात. दुसरं काम गंगाजळीचं, म्हणजे इमर्जन्सी फंडाचं. नोकरी गेली, अपघात झाला, धंद्यात अचानक खळ पडला, तर घर चालू ठेवण्यासाठी ही रक्कम असते. तरतूद खर्च होण्यासाठीच जमवायची असते. गंगाजळीला वर्षानुवर्षं हात लागला नाही तर उत्तमच. बँकेत दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्ही ‘शिल्लक’ म्हणून मोजल्या जातात, म्हणून त्यांची सरमिसळ होते.

कुठला खर्च कुठे टाकायचा, हे ठरवताना माणसं सहसा विचारतात, ‘हा खर्च कधी येणार हे माहीत आहे का?’ हा प्रश्न फसवा आहे. टायर कुठल्या महिन्यात झिजतील हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ते गंगाजळीतून घेतले जातात. पण टायर झिजणार यात शंका आहे का? विचारायचं ते हे, की हा खर्च होणार का. ‘हो’ असेल तर तारीख माहीत असो वा नसो, तो तरतुदीत. ‘कदाचित’ असेल तर गंगाजळीत. चष्म्याचा नंबर बदलणं, दातांची कामं, नळ गळणं, जुना फोन बंद पडणं, जवळच्यांकडच्या कार्याचा अहेर, हे सगळं या कसोटीवर तरतुदीत येतं. मोठं यंत्र असेल तर त्याच्या किमतीला अंदाजे आयुष्याने भागायचं. ३०,००० चं यंत्र साधारण १० वर्षं टिकत असेल तर ते दर वर्षी ३,००० मागतं, मग ते बंद पडो वा न पडो. (इथले सगळे आकडे केवळ गणितासाठी आहेत, कोणत्याही चलनात वाचावेत.)

आजारपणाचं दोन्हीकडे वाटप होतं. नेहमीची तपासणी आणि कायमची औषधं अंदाजपत्रकात. इस्पितळात भरती व्हावं लागलं तर आधी विमा, आणि विम्यात न बसणारा भाग गंगाजळीतून. विम्याचा हप्ता मात्र तरतुदीत, कारण तो भरावा लागणार हे नक्की असतं.

माझं ठाम मत असं आहे, की काटकसरी घराला कर्जाकडे ढकलणारे बरेचसे खर्च अनपेक्षित नसतातच. ते ठाऊक असतात, वहीत कुठे लिहिलेले नसतात एवढंच. म्हणून मागच्या १२ महिन्यांचं पासबुक घेऊन बसावं आणि दर महिन्याला न येणाऱ्या प्रत्येक नोंदीपुढे खूण करावी. हे काम कंटाळवाणं आहे, पण वर्षाच्या नियोजनातलं सगळ्यात मोलाचं हेच. एक बारीक गोष्टही तिथेच सापडते. २८ दिवसांच्या मुदतीचा कुठलाही रिचार्ज किंवा वर्गणी वर्षातून १२ नव्हे, १३ वेळा भरावी लागते. तसंच आठवड्याच्या खर्चाला ४ ने गुणून महिन्याचा आकडा काढला तर वर्षाचे ४८ आठवडेच धरले जातात, उरलेले ४ वाऱ्यावर. आठवड्याच्या आकड्याला ५२ ने गुणून १२ ने भागावं.

आता तरतुदीचं गणित जरा जवळून पाहू, कारण पहिल्या वर्षी सगळे इथेच अडखळतात.

समजा, वर्षात असे चार खर्च आहेत. तिसऱ्या महिन्यात विम्याचा हप्ता १२,०००, सहाव्या महिन्यात शाळेची फी १८,०००, नवव्या महिन्यात गाडीचं काम ६,००० आणि बाराव्या महिन्यात घराची डागडुजी ६,०००. एकूण ४२,०००. भागिले १२ म्हणजे महिन्याला ३,५००. कागदावर हिशेब बसला. पण महिने पुढे सरकवून बघा. तिसऱ्या महिन्याअखेर जमतात १०,५०० आणि लागतात १२,०००, म्हणजे १,५०० कमी पडतात. सहाव्या महिन्याअखेर जमलेले २१,०००, लागलेले ३०,०००. तूट ९,०००. नवव्या महिन्यात ती ४,५०० वर येते आणि बाराव्या महिन्यात शून्य होते. वर्षाची बेरीज अगदी बरोबर, तरी सहाव्या महिन्यात ९,००० साठी उसनवारी! इथेच माणसाचा अंदाजपत्रकावरचा विश्वास उडतो.

उपाय दोन आहेत. वर्षाच्या सुरुवातीला तरतुदीच्या खात्यात ९,००० आधीच टाकून ठेवायचे. ते जमत नसेल तर पहिले सहा महिने ३,५०० ऐवजी ५,००० टाकायचे. तिसऱ्या महिन्यात १५,००० मधून हप्ता जाऊन ३,००० राहतात, सहाव्या महिन्यात फी भरून खातं शून्यावर येतं, पण खाली जात नाही. पुढचे सहा महिने पुन्हा ३,५००, आणि वर्षाअखेर शिल्लक ९,०००. त्यानंतर खर्चाचा क्रम तोच राहिला तर हे ९,००० दर वर्षीच्या पहिल्या सहामाहीला तारून नेतात आणि वर्षाच्या शेवटी परत तिथेच असतात. ते ‘उरलेले पैसे’ म्हणून उचलले, की पुढच्या सहाव्या महिन्यात तेच खिंडार पुन्हा पडतं. म्हणून त्या रकमेला वहीत वेगळं नाव द्या, ‘सुरुवातीची शिल्लक’.

काटकसरीचा खरा जोर पहिल्या सहा महिन्यांत लावावा असं मी सांगते, ते यासाठीच. वर्षभर सारखंच मन मारत राहणं कुणालाच झेपत नाही. सहा महिन्यांची ओढाताण, आणि तिचं कारण घरातल्या प्रत्येकाला वहीत दाखवता येणं, हे झेपतं. मागच्या वर्षीचेच आकडे मात्र उतरवू नका. फी, हप्ते आणि मजुरी वाढलेली असते, तेव्हा नवा आकडा मिळत असेल तर विचारून घ्यावा, नाही तर जुन्यात थोडी वाढ धरावी.

गंगाजळीचं गणित त्यामानाने सोपं आहे. तिला तारखा नसतात. तिचं माप खर्चाच्या महिन्यांत असतं. तीन ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च, हा सर्वसाधारण ठोकताळा. यात ‘आवश्यक’ हा शब्द महत्त्वाचा. मिळकतीच्या सहापट किंवा एकूण खर्चाच्या सहापट असं धरलं तर आकडा उगाच फुगतो आणि माणूस सुरू करण्याआधीच हबकतो. घर, किराणा, वीज-पाणी, औषधं, कर्जाचे हप्ते, येणंजाणं, एवढंच मोजायचं. काटकसर इथे दुहेरी फळते. आवश्यक खर्च महिन्याला ३०,००० असेल तर सहा महिन्यांची गंगाजळी १,८०,०००. तो २५,००० वर आणला तर महिन्याला ५,००० वाचतातच, शिवाय गाठायचं लक्ष्यही ३०,००० ने कमी होऊन १,५०,००० वर येतं. कमावणारे दोघं असतील आणि दोघांची मिळकत वेगवेगळ्या कामांतून येत असेल तर तीन महिने पुरावेत. एकटाच कमावता, मिळकत अनियमित किंवा घरात सांभाळायची माणसं जास्त, तर सहाच्या खाली येऊ नये.

दोन्ही एकत्र ठेवल्या तर काय होतं? शिल्लक ६०,००० दिसली की घराला धीर येतो. पण त्यातले ३०,००० येत्या सहा महिन्यांत जायचेच असतात, खरी गंगाजळी तेवढीच निम्मी. नोकरी गेल्याच्या महिन्यातच विम्याचा हप्ता आला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, तर हे फार उशिरा कळतं. उलट बाजूही असते. काही माणसं फी भरायलाही ‘अडचणीसाठी ठेवलेल्या पैशांना’ हात लावत नाहीत आणि क्रेडिट कार्ड वापरतात. कार्डाचं व्याज महिना ३ टक्के धरलं तर चक्रवाढीने ते वर्षाला जवळपास ४२.६ टक्के होतं.

पैशाला नाव दिलं की आपण त्याच्याशी वेगळं वागतो, यावर अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी बरंच काम केलं आहे. मनातल्या हिशेबाची ही कल्पना त्यांनी १९८५ मध्ये सविस्तर मांडली, आणि २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता. रुपया काय, डॉलर काय, कुठल्याही खात्यातला सारखाच, तरी नाव दिलेला पैसा सहज मोडवत नाही. काटकसर करणाऱ्याने हा स्वभाव कामाला लावावा.

नावही पुरत नाही, याचं एक जुनं उदाहरण आहे. ब्रिटनच्या सरकारने १७१७ साली राष्ट्रीय कर्ज फेडण्यासाठी असाच राखीव निधी उभा केला. त्याची योजना आखण्यात रॉबर्ट वॉलपोलचा मोठा हात होता. १७३३ मध्ये त्याच वॉलपोलने, पंतप्रधानपदी असताना, जमिनीवरचा कर कमी ठेवता यावा म्हणून त्या निधीतून चालू खर्चासाठी पैसे उचलले. निधी कायद्याने वेगळा होता, तरी हाताशी होता. घरातही तेच होतं, म्हणून दोन्हींना स्वतंत्र खाती द्यावीत. तरतुदीचा पैसा मुदतीत गुंतवला तरी चालतो, फक्त मुदत खर्चाच्या तारखेआधी संपायला हवी. गंगाजळी मात्र एक-दोन दिवसांत हातात येईल अशीच हवी. तिथे व्याज थोडं कमी मिळालं तर मिळू दे. शेअर बाजारात ती नको, कारण मंदीत नोकऱ्या जातात तेव्हाच भावही पडलेले असतात.

भरून काढण्याची शिस्तही दोघींची वेगळी आहे. तरतुदीतून पैसे गेले तर चिंता नाही, दरमहाची ठरलेली रक्कम पडतच राहते. गंगाजळीला हात लागला तर चैनीचे खर्च थांबवून ती आधी पूर्ववत करायची. ती भरली की मात्र तिच्यात आणखी ओतत बसू नये. ते पैसे दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीकडे वळवावेत.

मिळकत तुटपुंजी असेल तर आधी काय, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते आधी एका महिन्याच्या आवश्यक खर्चाएवढी छोटी गंगाजळी. मग तरतूद पूर्ण, सुरुवातीच्या शिलकीसकट. कार्डाचं महाग कर्ज डोक्यावर असेल तर त्यानंतर ते. आणि ते फिटल्यावर गंगाजळीचे उरलेले महिने. तरतूद मधे घेण्याचं कारण असं, की ती उभी राहिली नाही तर छोटी गंगाजळी पहिल्याच फीला संपते आणि कार्डाचं कर्ज पुन्हा वाढतं. मिळकतच अनियमित असेल तर दरमहा ठरावीक रकमेचा हट्ट सोडून जवळच्या तारखेचा खर्च आधी भरायचा. पैसे आले की पहिल्यांदा तिसऱ्या महिन्यातला हप्ता पूर्ण, मग सहाव्या महिन्यातली फी, या क्रमाने.