चिकणमातीचे वय आणि भूकंपातील तिची ताकद

बांधकामापूर्वीच्या भूपरीक्षणात चिकणमातीच्या थराची जाडी आणि त्यातील पाण्याचे प्रमाण आवर्जून नोंदले जाते. तो थर केव्हा साचला, हा प्रश्न मात्र सहसा मागे पडतो. वास्तविक, भूकंपात ती माती कशी वागेल हे बऱ्याच अंशी तिच्या वयावर अवलंबून असते.

चिकणमातीचे कण पत्र्यासारखे चपटे आणि अतिसूक्ष्म असतात. ताज्या गाळात ते विस्कळीतपणे एकमेकांना टेकलेले असतात व मधल्या पोकळ्यांत पाणी भरलेले असते. वरच्या भाराने हे पाणी निघून गेल्यावरही, भार तेवढाच असताना, कण वर्षानुवर्षे किंचित सरकत अधिक घट्ट बसतात आणि कार्बोनेट किंवा लोहाची संयुगे त्यांच्यात सांधे तयार करतात. प्रयोगशाळेत स्थिर भाराखाली ठेवलेल्या मातीचा ताठरपणा पहिल्या ते दहाव्या दिवसात जितका वाढतो, साधारण तितकाच तो पुढे दहाव्या ते शंभराव्या दिवसात वाढतो. काळ दसपट होताना होणारी ही वाढ वाळूत जेमतेम १ ते ३ टक्के, तर चिकणमातीत बहुधा ५ ते २० टक्के असते.

म्हणूनच जुन्या थरातून कर्तन लहरी, म्हणजे आपल्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात माती हलवणाऱ्या लहरी, वेगाने जातात आणि मध्यम हादऱ्यांत तो थर कमी विरूपतो. हा वेग जमिनीतच मोजणे श्रेयस्कर, कारण नमुन्याची नळी मातीत दाबताना आणि बाहेर काढताना हे नाजूक सांधे तुटतात. मग हजारो वर्षांची माती चाचणीत कोवळी ठरते.

तथापि जुनी माती म्हणजे सुरक्षित माती, असे मानणे मला धोक्याचे वाटते. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा अँकरेज शहराच्या टर्नअगेन हाइट्स भागातील किनाऱ्याचा कडा घसरून सुमारे ७५ घरे उद्ध्वस्त झाली. तेथील चिकणमाती हिमयुगाच्या अखेरच्या काळातली होती. अशा सागरी गाळातले मीठ भूजलाने हळूहळू धुऊन नेले की कणांमधले आकर्षण क्षीण होते, आणि एरवी भक्कम भासणारी माती एकदा घुसळली गेली की बरीचशी ताकद गमावते. धक्के काही मिनिटे चालू राहिले, तर जुन्या सांध्यांचा आधार त्याच भूकंपात संपू शकतो. विश्रांतीत कणांची रचना पुन्हा जुळून थोडी ताकद परत येते. खनिजांचे सांधे मात्र माणसाच्या आयुष्यात पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे मोठ्या भूकंपानंतर त्याच जागेसाठी जुन्या चाचण्यांचे आकडे वापरणे चुकीचे ठरते.