आयसीयूत सारखा इको काढल्याने अंगात रेडिएशन साठतं?

‘आयसीयूत दिवसातून दोनदा इको (हृदयाची सोनोग्राफी) काढतात, त्याने पेशंटच्या अंगात रेडिएशन साठतं’ असा मेसेज फिरत असतो. एक्स-रे, सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, म्हणून शंका साहजिक आहे. इकोत मात्र फक्त ध्वनिलहरी असतात, सेकंदाला साधारण २० ते ५० लाख कंपनांच्या. पडताळायचं तर पाहा: तपासणारे डॉक्टर शिशाचा एप्रन न घालता खाटेशेजारीच थांबतात. गर्भातल्या बाळाची सोनोग्राफीही याच तंत्राने होते.

मग पुन्हा पुन्हा का? सलाइन दिल्यावर हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतंय का, हे नुसत्या बीपीवरून कळत नाही, इकोत दिसतं. भूल दिल्यावर अन्ननलिकेत नळी घालून करतात त्या इकोत घशाला इजेचा थोडा धोका असतो. विचारायचंच तर त्याबद्दल विचारा.