कीर्द एक, खतावण्या अनेक

जुन्या पेढीवर निदान दोन वह्या असायच्या. रोजकीर्दीत दिवसभराचा व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरायचा: तेलाचे पैसे आले, हमालाचे गेले, पाहुण्यांच्या चहाचे गेले. मग मुनीम ती कीर्द पुढ्यात घेऊन एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचा. 'खतवणे' या क्रियापदाचं मला कौतुक आहे. नोंद करणं हे एक काम आणि ती कोणाच्या नावावर जाते हे ठरवणं हे दुसरं, एवढा विचार त्या एका शब्दात आहे. अडचण एकच होती. खतवताना आकडा पुन्हा लिहावा लागे, आणि दुसऱ्यांदा लिहिलं की चुकीला वाट मोकळी.

साध्या मजकुराच्या एकाच फाइलमध्ये सगळी टिपणं ठेवायची, मथळ्यांना टॅग, म्हणजे खुणेचे शब्द, लावायचे आणि त्या टॅगवरून कुठला भाग वेबसाइटवर जाईल, कुठला पीडीएफमध्ये आणि कुठला कुठेच जाणार नाही हे ठरवायचं, ही आजची पद्धत म्हणजे आकडा पुन्हा न लिहिता केलेली खतावणी. ती वापरणारे बरेच जण इमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममधल्या ऑर्ग-मोड या सोयीपासून गोष्ट सुरू करतात, म्हणजे २००३ पासून. गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे. शिवाय ती प्रकाशित करण्याची कमी आणि वगळण्याची जास्त आहे, असं माझं मत आहे.

९ डिसेंबर १९६८ रोजी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. माउसमुळे ते गाजलं. पण त्यांनी पडद्यावर काय उघडलं होतं? चक्क वाणसामानाची यादी. केळी, सूप, औषधाच्या गोळ्या. ती त्यांनी गटांत लावली, गट मिटवून फक्त वरचे मथळे ठेवले, परत उलगडले. त्यांच्या 'एनएलएस' या प्रणालीत मजकूर एकच राहायचा आणि तो किती पातळ्यांपर्यंत आणि किती ओळी दाखवायचा हे वेगळ्या आज्ञेने सांगता यायचं. मजकूर आणि त्याचं दर्शन यांची फारकत तिथे स्पष्ट दिसते. मात्र हे सगळं पडद्यापुरतं होतं. यादी मिटली तरी आतलं सामान आतच असायचं.

कागदावर किंवा दुसऱ्याच्या हातात जाणाऱ्या मजकुराचा प्रश्न वेगळा, आणि तो एका वकिलाने हाताळला हे मला गमतीचं वाटतं. चार्ल्स गोल्डफार्ब कायदा शिकून आयबीएममध्ये आले होते. १९६९ मध्ये एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांच्याबरोबर ते कायद्याच्या कागदपत्रांवर काम करत होते. मजकूर लिहिणारा, शोधणारा आणि छापणारा असे तीन वेगळे प्रोग्राम, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नव्हतं. तोडगा असा निघाला की मजकुरात 'हे ठळक छापा' अशा सूचना लिहायच्याच नाहीत. 'हा मथळा आहे', 'ही यादी आहे' एवढीच खूण करायची, पुढचं ज्याचं त्याने बघावं. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन या पद्धतीचं नाव पडलं 'जीएमएल'. पुढे १९८६ मध्ये त्यातूनच 'एसजीएमएल' हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात एक फारशी चर्चिली न गेलेली सोय होती. मजकुराच्या एखाद्या तुकड्याला कुंपण घालून त्याच्या तोंडाशी 'घ्या' किंवा 'दुर्लक्ष करा' अशा अर्थाचा शब्द लिहिता यायचा. तो शब्द फाइलच्या वरच्या भागात एकदाच ठरवून ठेवला की त्या नावाचे सगळे तुकडे एकदम आत यायचे नाहीतर एकदम गायब व्हायचे. आज टॅग जे करतो ते जवळपास हेच.

याच सुमारास संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. त्यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रोग्राम आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच फाइलमध्ये लिहायचं. मग 'टँगल' नावाचं साधन त्यातून यंत्राला चालेल असा पास्कल या संगणकभाषेतला कोड काढायचं आणि 'वीव्ह' नावाचं साधन माणसाने वाचायचा छापील मजकूर विणायचं. यंत्राला स्पष्टीकरण नको, म्हणून ते गाळायचं. इथे वाचक दोनच होते आणि त्यातला एक माणूसच नव्हता. पण एका फाइलमधून दोन वाचकांना दोन वेगळ्या गोष्टी द्यायच्या आणि मूळ प्रत एकच ठेवायची, हा हट्ट पक्का होता.

टॅग हा शब्द सर्वसामान्यांच्या तोंडी आला तो मात्र वेबमुळे, आणि तिथेही मुळाशी एक साधी फाइलच होती. जोशुआ शाक्टर स्वतःला आवडलेले दुवे मजकुराच्या फाइलमध्ये साठवत असत आणि सापडायला सोपं जावं म्हणून प्रत्येकापुढे एखादा शब्द टाकत. त्यातून २००३ मध्ये 'डिलिशस' ही सेवा निघाली आणि तिने लोकांना टॅगची सवय लावली. वर्गीकरण वरून लादलेलं नसावं, लिहिणाऱ्याला त्या क्षणी सुचेल तो शब्द चालावा, ही त्यातली मोकळीक. ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला ती अजूनही रुचत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. एकच माणूस सोमवारी 'पाककृती' लिहितो आणि गुरुवारी 'स्वयंपाक'.

आता २००३ मधली दुसरी गोष्ट. कार्स्टन डोमिनिक हे ॲमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. इमॅक्समध्ये मथळ्यांच्या आधी चांदण्या टाकून मजकुराची उतरंड लावायची सोय आधीपासून होती. एक चांदणी म्हणजे मुख्य मथळा, दोन म्हणजे उपमथळा. (खगोलशास्त्रज्ञाला चांदण्याच मिळाव्यात हा योगायोग.) डोमिनिक यांना आपली टिपणं आणि कामांच्या याद्या तिच्यात ठेवायच्या होत्या, पण ती सोय हाताला फार अवघड होती. ती सुटसुटीत करता करता ऑर्ग-मोड तयार झालं, आणि २००७ मध्ये आलेल्या इमॅक्सच्या २२व्या आवृत्तीपासून ते इमॅक्सबरोबरच मिळू लागलं. प्रकाशन हा त्याचा मूळ हेतू नव्हता. मथळ्याच्या तोंडाशी 'कॉमेंट' हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिला की तो भाग बाहेर जात नाही, ही त्यातली वगळण्याची सर्वांत साधी खूण. त्याहून बारीक कामाला टॅग.

टॅग मथळ्याच्या शेवटी, दोन अपूर्णविरामांच्या मध्ये लिहितात. माझ्या फाइलचा एक तुकडा असा होता:

* न्हाणीघराची दुरुस्ती :प्लंबर:
** काय काय गळतंय
** घासाघीस :दुसऱ्याला_नको:
* कैरीचं लोणचं :पाककृती:

वरच्या मथळ्याचा टॅग खालच्या सगळ्या उपमथळ्यांना आपोआप लागतो. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतात तसा, फक्त तलाठ्याकडे खेपा न घालता. मजकूर बाहेर काढताना दोन नियम चालतात. निवडीचा टॅग ठरवून दिला असेल तर त्याच फांद्या, म्हणजे तेवढेच मथळे आणि त्यांच्याखालचं सगळं, घेतल्या जातात. वगळण्याचा टॅग असलेली फांदी मात्र काहीही झालं तरी कापली जाते, तिच्यावर निवडीचा टॅग असला तरी. या भांडणात वगळणाऱ्याचंच खरं. मूळचे शब्द इंग्रजी आहेत, पण फाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहून त्यांच्या जागी आपले शब्द ठेवता येतात, आणि ते देवनागरीत चालतात.

चालतात, एका अटीवर. टॅगमध्ये अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच चालतात. काना, वेलांटी, हलन्त हे इमॅक्स अक्षरांतच धरतं, त्यामुळे अडत नाही. पण मराठीतला तो अर्धा र, 'ऱ्या'मधला, संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या र-ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखेच. ते अदृश्य चिन्ह अक्षर नव्हे, म्हणून ज्या टॅगमध्ये ते असेल तो टॅगच ठरत नाही, मथळ्याचा भाग होऊन बसतो.

माझा त्या दिवशीचा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारचा होता. 'प्लंबर' टॅगचा भाग काढून मी प्लंबरला पाठवला. त्यात 'घासाघीस' हा मथळा अख्खा गेला, शेवटी ':दुसऱ्याला' आणि त्याच्या पायाशी बारीक अक्षरांत 'नको', कारण खालच्या रेघेचा अर्थ ऑर्ग-मोडने पायाशी लिहायचं अक्षर असा घेतला. त्याखाली माझी ओळ: 'साडेचार हजार मागेल, चारवर अडून बसायचं, अगदीच नाही तर सव्वाचार.' प्लंबरचं उत्तर आलं, 'सव्वाचार चालतील.'

चूक माझीच. पण वगळण्यावर उभ्या असलेल्या पद्धतीची खोट तिथे कळते. खूण चुकली की मजकूर थांबत नाही, निसटतो.

या पद्धतीला प्रकाशनाचं खरं बळ मिळालं ते २०१३ मधल्या ऑर्ग-मोडच्या ८.० आवृत्तीत. निकोला गोआझियू यांनी निर्यातीचा, म्हणजे मजकूर बाहेर काढण्याचा, भाग नव्याने लिहिला. आधी संपूर्ण मजकुराचं झाड तयार करायचं, मग फांद्या छाटायच्या आणि उरलेलं झाड हवं त्या स्वरूपात उतरवायचं. त्यामुळे बाहेरच्या लोकांनाही आपापली निर्यात-साधनं लिहिणं सोपं झालं. त्यातलंच एक 'ऑक्स-ह्युगो'. एका फाइलमधल्या हव्या त्या फांदीचं ते वेबसाइटवर स्वतंत्र पान करतं. टॅग तिथे पानाचे टॅग होतात, ज्याच्या आधी ॲटचं चिन्ह आहे तो विभाग होतो, आणि फांदी 'करायचं आहे' अशा अवस्थेत असेल तर पान कच्चं राहतं. शेकडो पानं आणि फाइल एक. अशी फाइल उघडून खाली सरकत जाताना मला नेहमी कीर्दच आठवते.

एक उणीव मात्र राहिलीच. टॅग मथळ्याला लागतो, परिच्छेदाला नाही. मधलीच चार वाक्यं लपवायची तर त्यांच्या डोक्यावर खोटा मथळा बसवावा लागतो. उलट मजकूर हवा आणि मथळाच नको, असंही होतं. त्यासाठी एका जोड-पॅकेजात वेगळा टॅग आहे. कोड लिहिणाऱ्यांच्या 'ॲस्किडॉक्टर' या साधनामध्ये हे आधीच सुटलं आहे. तिथे टॅगची सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहितात, म्हणून कुठलाही तुकडा उचलता येतो. पण दर वेळी शेवटची खूण लिहिण्याचा धीर टिपणं काढणाऱ्याला नसतो.

प्लंबरच्या प्रकरणानंतर मी घासाघीस त्याच्या फांदीतून काढून शेजारी स्वतंत्र मथळ्याखाली ठेवली आणि निवडीच्या टॅगवर भिस्त ठेवली. टॅग चुकला तर भाग आतच राहील, निसटणार नाही, असा हिशोब. करून पाहिलं तर तिथेही फट निघाली. निवडीचा टॅग फाइलमध्ये एकदाही सापडला नाही, तर ऑर्ग-मोड 'काहीच निवडलेलं नाही' असं समजून सगळीच्या सगळी फाइल बाहेर काढतं. म्हणून आता फाइलच्या पहिल्या ओळीवर एक रिकामा मथळा आहे. माझ्या वापरातले सगळे टॅग त्याला लावलेले असतात, म्हणजे कुठलाही टॅग निवडला तरी एकदा तरी सापडतोच. खाली मजकूर नाही. तो मथळा प्रत्येकाच्या प्रतीत सगळ्यांत वर छापला जातो, म्हणून त्यात कुणालाही दिसलं तरी चालेल असंच काहीतरी हवं होतं. मी तिथे '॥ श्री ॥' लिहिलं आहे.