आरसा गेला, पण सेन्सर किती फास्ट?

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा जवळ आली की इकडच्या फोटोवाल्या पोरांचा एकच प्रश्न, भाऊ डीएसएलआर (आरसावाला कॅमेरा) घेऊ का मिररलेस (बिनआरशाचा)? दुकानदार सांगतो डीएसएलआर आता संपले. संपले वगैरे नाही भो, पण ॲक्शनसाठी नवीन मोठे येत नाहीत हे खरं, कॅननचा 1डीएक्स मार्क 3 आणि निकॉनचा डी6 दोन्ही 2020 चे, पुढे काही नाही.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावरून वर व्ह्यूफाइंडरला जातो आणि थोडा उजेड मागच्या छोट्या आरशावरून खाली, फोकसच्या वेगळ्या सेन्सरवर. बटण दाबलं की दोन्ही आरसे वर, फोटो निघतो, परत खाली. आरसा वर असेपर्यंत तुम्हालाही काही दिसत नाही आणि फोकसलाही नाही. निकॉन डी500 सेकंदाला 10 फोटो काढतो, तेवढ्यात मधल्या मधल्या फटीत बघून घोडा पुढे कुठं असेल याचा अंदाज बांधतो. ताशी 40 किमीने पळणारा घोडा सेकंदाला 11 मीटर जातो, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये मीटरभर! तरी डी500 बऱ्यापैकी धरतो, उगाच नावं ठेवू नका.

मिररलेसमध्ये फोकस फोटो टिपणाऱ्या मेन सेन्सरवरच होतो आणि चित्र प्रोसेसरला जवळपास सतत दिसत राहतं, म्हणून प्राण्याचा डोळा ओळखणं वगैरे जमतं. आपला रानपिंगळा घ्या, ते दुर्मिळ छोटं घुबड, 1884 नंतर पक्का पुरावाच नव्हता आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ परत सापडला. तो सागाच्या काटक्यांमागे बसतो, डीएसएलआरचा फोकस पॉइंट हमखास पुढच्या काटकीवर अडकतो, चांगला मिररलेस बऱ्याचदा डोळा पकडून ठेवतो. वर आवाज नाही. (मोबाईलवर त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलवायचं मात्र बंद करा.)

पण तो बिनआवाजाचा शटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, आणि खरी गोम तिथंच आहे, कारण त्यात सेन्सर एकदम नाही, एकेक ओळ करत वाचला जातो. झेरॉक्स चालू असताना कागद सरकवला की अक्षरं तिरपी येतात ना, तसंच. स्वस्त बॉडीत पूर्ण सेन्सर वाचायला सेकंदाचा तिसावा भाग लागला तर तेवढ्यात आपला घोडा 37 सेंटीमीटर सरकतो, पाय तर अजून जोरात, म्हणून पाय वाकडे आणि पक्ष्याचे पंख लवचिक रबरासारखे येतात. शटर स्पीड 1/4000 ठेवला तरी हे जात नाही! निकॉन झेड9 मध्ये, 2021 चा, हे वाचन साधारण 1/270 सेकंदात होतं, घोडा जेमतेम 4 सेंटीमीटर सरकतो, म्हणूनच त्यात मेकॅनिकल शटर (सेन्सरपुढचा खराखुरा पडदा) ठेवलाच नाही. सोनीच्या ए9 मार्क 3 मध्ये तर सगळ्या ओळी एकाच वेळी. तेव्हा दुकानात फोटो सेकंदाला किती हे नंतर, आधी सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे झटपट वाचला जाणारा, आहे का विचारा. नसेल तर यात्रेत मेकॅनिकल शटरच लावा.

काही मिररलेस बटण अर्धं दाबून ठेवलं की आधीचे क्षण साठवत राहतात, हे हतनूर धरणावर फार कामाचं, कारण कवड्या धीवर (काळा-पांढरा खंड्या) पाण्यावर एका जागी फडफडतो आणि सूर मारतो तेव्हा आपलं बोट उशिराच हलतं.

बजेट कमी असेल तर माझं मत सरळ आहे, सेकंडहँड डी500 किंवा कॅनन 7डी मार्क 2 घ्या आणि उरलेले पैसे लांब लेन्सवर घाला. बॅटरीही जास्त पुरते, डी500 चं रेटिंग 1240 फोटोंचं, मिररलेसमध्ये बऱ्याचदा तीन-चारशेचंच, म्हणजे दिवसभर धरणावर बसायचं तर खिशात जास्तीच्या बॅटऱ्या पाहिजेच. पुढे मिररलेस घेतला तर कॅननच्या जुन्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स ॲडॉप्टरवर मस्त चालतात, पण निकॉनच्या स्क्रू-ड्राइव्हवाल्या (स्वतःची मोटर नसलेल्या) जुन्या लेन्सना निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही, घरात मामांची लेन्स पडलेली असेल तर आधी हे तपासा.

आणि मे महिन्यात भुसावळकडे मोकळ्या जमिनीवर 11 नंतर हवाच इतकी हलते की लांबचा पक्षी दोन्ही कॅमेऱ्यात सारखाच धुरकट येतो, तिथं पैशाने काही होत नाही, पहाटे जावं लागतं.